चिखलाच्या वरच्या अंगाला

न्यू जर्सीत येऊन मला नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं डोंगरात नुसती चालायला जात होते, गेली सात वर्षं खोरं घेऊन जाते. ॲपलाचियन ट्रेलचा साधारण दीड मैलांचा एक तुकडा माझ्याकडे आणि माझ्या एका मैत्रिणीकडे देखभालीला आहे. सह्याद्रीत भटकून इकडे नव्याने आलेली मुलंमुली भेटली की विचारतात, हे काम नेमकं काय असतं, आम्हाला जमेल का? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाटेवर पडलेली झाडं बाजूला करणं, झाडांवरच्या पांढऱ्या खुणा नव्याने रंगवणं अशी बरीच कामं असतात. पण मी सांगणार आहे ते चिखलाबद्दल. माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला आणि चुकाही त्यातच झाल्या.

आधी थोडी माहिती. हा ट्रेल जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जातो, लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. न्यू जर्सीच्या वाट्याला त्यातले ७० मैलांहून थोडे जास्त आले आहेत. बेंटन मकाय यांनी १९२१ साली ही कल्पना मांडली आणि खास त्यासाठी आखलेला पहिला तुकडा १९२३ साली आमच्या शेजारी, न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर माउंटन भागात खुला झाला. तो स्वयंसेवकांनी केला होता. आजही इथल्या वाटा मुख्यतः स्वयंसेवकच सांभाळतात. आमच्या भागाचं काम बघणारी न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स १९२० सालची आहे. म्हणजे तुम्ही ज्या वाटेवर पाय ठेवता, ती शंभर वर्षं कुणी ना कुणी सुट्टीच्या दिवशी येऊन नीट करत आलं आहे. हे कळलं तेव्हा मला नुसतं चालून परत येणं बरं वाटेना.

माझा पहिला दिवस एप्रिलमधला. बर्फ वितळून गेलेलं, झाडांना अजून पालवी नाही, आणि किटाटिनीच्या डोंगररांगेवर एका सपाट जागी वीसेक फूट लांबीचा चिखल. मी भोर तालुक्यातल्या भातशेतीच्या गावची. चिखल मला नवा नाही, त्यामुळे कुणाला काही न विचारता मी कामाला लागले. आजूबाजूचे दगड गोळा केले, चिखलात टाकले, वर फांद्या पसरल्या. तासभर घाम गाळला. आमच्या गटप्रमुख बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला थांबवलं नाही. काम झाल्यावर म्हणाल्या, चल, जरा वर जाऊन येऊ. आम्ही वाटेने साठ-सत्तर पावलं चढून गेलो. तिथे डोंगराच्या अंगावरून बोटभर जाडीची पाण्याची धार येत होती आणि वाटेत शिरत होती. तिथून ती वाटेवरूनच खाली धावत होती आणि उतार संपला तिथे, म्हणजे मी दगड टाकले तिथे, साठत होती. बाई एवढंच म्हणाल्या, ‘‘चिखल खाली आहे, काम इथे आहे.’’

मला खरं तर हे माहीत असायला हवं होतं. पावसात इरलं घेऊन आजोबा बांधावर फिरायचे तेव्हा मी त्यांच्या मागे असायची. बांध फुटला तर ते फुटलेल्या जागी आधी कधी हात लावत नसत, वरच्या खाचरातून पाणी कुठून येतंय ते बघून येत. डोंगर बदलला म्हणून मी ते विसरून गेले होते.

तर पहिली गोष्ट: पहिले दोन-तीन दिवस हातात हत्यार न घेता पावसात जा. कोरड्या दिवशी वाट काही सांगत नाही. पाऊस पडत असताना पाणी वाटेवर कुठून येतं, किती लांब वाटेबरोबर चालतं, कुठे बाहेर पडतं आणि कुठे पडू शकत नाही, हे चार तास बघितलंत तर पुढचे चार महिने वाचतील. मी अजूनही प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक फेरी मारते आणि पाणी शिरतं तिथे काठीने खूण करून ठेवते.

वाट मुळात चिखलाची होते कशी, हे एकदा समजून घ्या. डोंगराच्या कडेने जाणारी वाट नवी असते तेव्हा तिला दरीच्या अंगाला हलका कल दिलेला असतो. साधारण ५ टक्के, म्हणजे तीन फूट रुंदीला दोन इंचांपेक्षा थोडं कमी. वरून आलेलं पाणी आडवं वाट ओलांडून निघून जातं. मग हजारो पावलं पडतात. मधला भाग दबत जातो आणि तिथली माती बाहेरच्या कडेला सरकून तिचा वरंबा तयार होतो. शेतातल्या सरी-वरंब्यासारखाच, फक्त कुणी मुद्दाम न केलेला. आता वाट ही वाट राहत नाही, पाट होते. पाणी आत आलं की त्याला बाहेर पडायला जागा नसते, ते उताराने वाटेबरोबर धावतं, माती घेऊन जातं, मुळं आणि दगड उघडे पाडतं आणि सपाटी आली की तिथे सगळा गाळ टाकून थांबतं. तोच आपल्याला दिसणारा चिखल.

म्हणून काम बहुतेक वेळा या वरंब्यापासून सुरू होतं. तो खणून काढायचा, वाटेला पुन्हा बाहेरचा कल द्यायचा. दिसायला अगदी साधं काम आहे आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही. पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त गुण यालाच येतो. नवीन लोकांना मोठे दगड हलवायची घाई असते. माझं सांगणं आहे की पहिलं वर्ष वरंबे काढण्यात घालवा.

जिथे उतार जास्त आहे आणि नुसत्या कलाने भागत नाही, तिथे पाणी वळवावं लागतं. दोन उपाय आहेत. एक म्हणजे वाटेतच लांबट, पसरट खळगा करून तिला थोडं खाली आणि पुन्हा वर न्यायचं. चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण पाणी मात्र चढ चढू शकत नाही, ते खळग्यातून बाहेर पडतं. दुसरा उपाय वॉटरबार, म्हणजे वाटेत तिरपी बसवलेली दगडांची ओळ. दगड दोन तृतीयांश जमिनीत गाडायचे आणि कौलं रचतो तसे एकावर एक कड चढवून लावायचे, म्हणजे सांध्यातून पाणी निसटत नाही. कोन ४५ अंशांच्या आसपास हवा. माझा पहिला वॉटरबार मी जवळजवळ काटकोनात बसवला होता, कारण तो तसा नेटका दिसत होता. पाणी त्यावर आदळून थांबलं, गाळ तिथेच बसला आणि एका हिवाळ्यात तो दगडांसकट बुजला. तिरपा असता तर पाण्याच्या वेगानेच गाळ वाहून गेला असता. हल्ली जमेल तिथे मी खळगाच करते. वॉटरबार ही देखभाल मागणारी गोष्ट आहे. पानगळीनंतर आणि बर्फ वितळल्यावर, वर्षातून निदान दोनदा तो साफ केला नाही तर तो असून नसल्यासारखा.

काही जुन्या वाटा मात्र डोंगराच्या थेट पोटावरून सरळ चढतात. अशा वाटेवरचं पाणी बाहेर काढायला जागाच नसते, कारण दोन्ही बाजू वाटेपेक्षा उंच असतात. तिथे दगडी पायऱ्या किंवा मग वाटच दुसरीकडे नेणं, हेच पर्याय. पायऱ्या बघायच्या असतील तर बेअर माउंटनला जा. तिथे हातांनी घडवलेल्या ग्रॅनाइटच्या शेकडो पायऱ्या आहेत. राजगडाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला तिथे आपोआप थांबून सांधे बघावेसे वाटतात.

आता दुसरी तऱ्हा. काही ठिकाणी पाणी बाहेरून आलेलं नसतं, तिथलंच असतं. झरा असतो, पाणथळ असते. तिथे पाणी घालवायचा प्रयत्न करू नका. ती जागा बेडकांची आणि सॅलमँडरची आहे, आणि न्यू जर्सीत पाणथळ जागांना १९८७ सालच्या कायद्याने संरक्षण आहे. परवानगीशिवाय एक खोरंभर मातीही हलवायची नाही. इथे वाट वर उचलायची असते. थोडकी ओल असेल तर बसके, रुंद दगड पावला-पावलावर बसवायचे. बसवल्यावर त्यावर उभं राहून अंग हलवून बघायचं. डुगडुगला तर काढून पुन्हा बसवायचा, मग पाच वेळा बसवावा लागला तरी चालेल. जास्त लांब पट्टा असेल तर दोन्ही कडांना ओंडके किंवा दगड लावून मध्ये भराव घालतात आणि बाजूंनी चर काढतात. याला टर्नपाइक म्हणतात. हो, आपण रोज ज्या महामार्गाचा टोल भरतो त्याच्या नावातला तोच शब्द. भरावाला जंगलातली काळी, पालापाचोळ्याची माती कधीही वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि पुन्हा चिखल होते. खालची मुरमाड, खरखरीत माती हवी. ती वाटेपासून लांब खड्डा काढून आणायची आणि खड्डा पानांनी झाकून ठेवायचा.

आणि कायम पाणी असेल तर साकव. कोकणातल्या वहाळावर असतो तसाच, पण लांबलचक आणि जमिनीपासून फूट-दीड फूट उंच. लोकस्ट किंवा सीडरसारखं सहजी न कुजणारं लाकूड असेल तर उत्तम. हे मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर व्हर्नन गावाजवळचा पोचक बोर्डवॉक बघा. सुमारे मैलभर लांबीचा हा लाकडी मार्ग २००२ साली पुरा झाला, त्यातला झुलता पूल त्याच्या आधीच १९९५ साली झाला होता. त्याआधी लोकांना ही दलदल टाळून मोटारींच्या रस्त्याने चालावं लागे. आता जूनमध्ये तिथे दोन्ही बाजूंना उंच गवत, मध्ये तुमची लाकडी वाट, आणि पाणी ज्याच्या त्याच्या जागी. मी पाहुण्यांना आधी तिथेच नेते.

एक विनंती फक्त चालायला जाणाऱ्यांनाही. चिखल दिसला तर त्याच्या कडेने जाऊ नका, मधून जा. बूट भिजतील, ते वाळतात. कडेने गेलात की कडेची झाडं मरतात, मुळं गेली की मातीही सुटते, आणि तीन फुटांची वाट दोन वर्षांत पंधरा फुटांची होते. उत्तरेला व्हरमाँटमध्ये तर मे अखेरपर्यंत उंचावरच्या ओल्या वाटांवर जाऊच नका असं ग्रीन माउंटन क्लब दरवर्षी सांगतो. आम्ही वाट दुरुस्त केल्यावर अशा बगलवाटांवर फांद्या आडव्या टाकून त्या बंद करतो. गावाकडे गुरं शिरू नयेत म्हणून काटेरी शिऱ्या टाकतात ना, तसं.

हत्यारांची काळजी करू नका, ती गटाकडून मिळतात. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. मॅक्लाउडला एकीकडे दाताळं आणि दुसरीकडे खुरपणीचं रुंद पातं असतं, वरंबे काढायला त्यासारखं दुसरं काही नाही. पहार आपलीच, फक्त जड. दगड उचलायचा नसतो, पहारीने ढकलत न्यायचा असतो. बोटं दगडाखाली कधीही घालू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड पँट मोज्यात खोचलेली, हातमोजे, दोन लिटर पाणी. घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते नीट बघा, गुडघ्यांच्या मागे, कानांमागे, केसांत. गोचीड चावून होणारा लाइमचा आजार इथे नेहमीचा आहे. अंगाला लागली की खाज आणि पुरळ आणणारी, तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ही वेल ओळखायला पहिल्याच दिवशी शिका.

अजून एक चूक सांगायची राहिली, आणि ती माझी सगळ्यात मोठी आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघींनी मिळून एक सुंदर खळगा काढला. पाणी झकास बाहेर पडायला लागलं, खालचा जुना चिखल दोन महिन्यांत वाळला. मी कौतुकाने आईला व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. तिने बघितलं आणि विचारलं, ‘‘पाणी सोडलंस ते बरोबर, पण खाली कुणाचं खाचर आहे?’’ आमच्या गावात हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी बांधाला तोंड पाडत नाही. मी पुढच्या पावसात खाली उतरून बघितलं. वाट तिथे नागमोडी वळणं घेते, आणि आम्ही वरून सोडलेलं पाणी खालच्या वळणावर नेमकं वाटेत येऊन पडत होतं. ऐंशी फूट खाली नवा चिखल तयार व्हायला लागला होता.

त्या पाण्याला आम्ही आता वळणाच्या पलीकडच्या घळीपर्यंत न्यायचं ठरवलं आहे. वरचा खळगा तसाच राहील, बाहेरचा चर चाळीस फूट लांबवायचा आहे आणि खालच्या वळणावर दगडांची एक ओळ बसवायची आहे. उद्यानाची परवानगी मिळाली आहे. पानगळ संपली की एका शनिवारी सकाळी आठला सुरुवात करू. खोरी आणि पहारी आम्ही आणतो, तुम्ही भिजले तरी चालतील असे बूट घालून या.