पन्नाशीनंतर इंधनाचा टँकर चालवताना शरीर कसे सांभाळावे

मनमाडजवळचे पानेवाडी, नगरजवळचे अकोळनेर, पुण्याजवळचे लोणी काळभोर येथील इंधन डेपोंबाहेर टँकरांच्या रांगेत पन्नाशी ओलांडलेले चालक पुष्कळ दिसतात. त्यांचा हात बसलेला असतो आणि भरलेली गाडी घाटात कशी उतरवावी हे त्यांना शिकवावे लागत नाही. मात्र वाढत्या वयात या कामाचा खरा ताण गाडी थांबल्यावर पडतो, कारण चार तास बसून आखडलेले शरीर तेव्हा एकदम टाकीवर चढते, वाकते आणि नळी ओढते. म्हणून डेपो व पंप येथील हालचालींची शिस्त आधी लावून घ्यावी.

केबिनमधून उतरताना उडी कधीही मारू नये. पायांत मुंग्या आल्या असतील तर आसनावरच घोटे फिरवावेत, गुडघे दहा-बारा वेळा सरळ करावेत आणि मग केबिनकडे तोंड ठेवून, दांडा धरून उतरावे. पंपावर पोचल्यावर इंधन स्थिरावेपर्यंत थोडा वेळ थांबावेच लागते. इंजिन बंद करणे, हँडब्रेक लावणे, चाकांखाली गुटके सरकवणे आणि अर्थिंगची (स्थिर वीज जमिनीत उतरवणारी) क्लिप जोडणे ही कामे झाल्यावर उरलेला वेळ सावकाश चालण्यात व कंबर मोकळी करण्यात घालवावा. तेवढ्याने चढताना कंबरेत उसण भरण्याची भीती पुष्कळ कमी होते.

टाकीच्या शिडीवर दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार सतत टेकलेले असावेत. डिप रॉड, म्हणजे टाकीतले इंधन मोजायची पट्टी, हातात घेऊन चढल्यास हा नियम मोडतो, म्हणून ती क्लीनरने खालून वर द्यावी. बुटांच्या तळव्यांना लागलेले डिझेल चढण्यापूर्वी पुसावे आणि पावसाळ्यात शिडीचे गजही पुसून घ्यावेत. टाकीवर घडीचा कठडा असेल तर तो आधी उभा करावा.

चाळिशीनंतर अनेकांना बायफोकल चष्मा लागतो. त्याच्या खालच्या भागातून फक्त जवळचे स्पष्ट दिसत असल्यामुळे उतरताना पायाखालचा गज नेमका धूसर दिसतो आणि पाय चुकतो. मान अधिक खाली झुकवून वरच्या काचेतून पाहण्याची सवय लावावी, किंवा डॉक्टरांना विचारून या कामासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. रक्तदाबाच्या, तसेच प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे वाकलेल्या स्थितीतून झटकन उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. मॅनहोलचे, म्हणजे टाकीच्या वरच्या तोंडाचे, झाकण उघडून इंधन मोजल्यावर सावकाश उठावे आणि दोन श्वास थांबून मगच पाऊल टाकावे. झाकण उघडताना चेहरा बाजूला ठेवावा व वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे, कारण पेट्रोलच्या वाफेने गरगरते आणि बारा फूट उंचीवर गरगरणे म्हणजे थेट खाली पडणे.

नळी एकट्याने उचलू नये. दोघांनी दोन ठिकाणी धरून, गुडघ्यांत वाकून ती उचलावी, आणि शेवटी आत राहिलेले इंधन काढताना ती थोडी-थोडी वर घेत पुढे सरकावे. कंबरेतून पिळ देत ओढल्यामुळेच बहुतेक पाठी कायमच्या धरतात.

चालवतानाची पथ्ये थोडी आहेत. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहील एवढेच आसन मागे न्यावे. वीस हजार लिटर डिझेलचे वजन साडेसोळा टनांच्या आसपास भरते, आणि कप्पे अर्धवट रिकामे असताना इंधन हिंदकळून गाडीला ढकलते. वयाने ब्रेकवर पाय जायला क्षणभर उशीर होतो, हे धरून पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे.

लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणीच न पिण्याची सवय फार वाईट आहे; तिच्यातून मुतखडा होतो आणि उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भाच्या मार्गांवर, उष्माघाताला निमंत्रण मिळते. 2025 मध्ये लागू झालेल्या नियमानुसार नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक आहे, परंतु रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांतले चालक अजून तापल्या पत्र्यातच बसतात. त्यांनी घोट-घोट पाणी पीत राहावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन डेपोच्या रांगेत जेवण लांबले तर साखर उतरते; हात थरथरणे, दरदरून घाम येणे, काही सुचेनासे होणे ही लक्षणे दिसताच साखर किंवा ग्लुकोज खावे आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. डबा व ग्लुकोजची पुडी केबिनमध्ये असावीच. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्या घेऊन गाडी काढू नये.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 नुसार सर्वसाधारणपणे दिवसाचे काम आठ तासांचे असे आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती मिळणे आवश्यक होते. तशी विश्रांती चालकाने आजही मागून घ्यावी. पहाटे दोन ते पाच या वेळेत झोप अनावर होते, त्यामुळे वयस्कर चालकाला दिवसाच्या फेऱ्या आणि धडधाकट क्लीनर देणे हे ट्रान्सपोर्टरचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जोराने घोरणाऱ्या आणि दिवसा डुलक्या येणाऱ्या चालकाने तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास अडकण्याचा तो विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

धोकादायक मालाचे वाहन चालवण्याचा परवाना तीन वर्षांनी नूतनीकरणाला येतो व त्यासाठी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. त्या वेळच्या वैद्यकीय दाखल्यावर विसंबून न राहता वर्षातून एकदा डोळे, साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागली तर मोतीबिंदूची शंका धरावी आणि ते लपवू नये.

शिडी चढताना छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा पूर्वी न लागणारी धाप जाणवली तर काम तिथेच थांबवून खाली बसावे. चालवताना तसे झाल्यास वस्तीपासून दूर, कडेला गाडी उभी करून इंजिन आणि बॅटरीचा मास्टर स्विच बंद करावा. मोबाइल टँकरपासून लांब जाऊनच वापरायचा आणि 108 ला फोन करायचा, हे क्लीनरलाही आधीच शिकवून ठेवावे, कारण त्या वेळी चालकाला बोलता येईलच असे नाही.