लोंबत्या पावलाच्या शस्त्रक्रियेआधी: तयारीची यादी

कुष्ठरोगात गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारी नस निकामी झाली की पाऊल वर उचलत नाही. चालताना चवडा लोंबतो, बोटे घासतात, वजन बाहेरच्या कडेवर येते, आणि तळवा बधिर असला की त्याच कडेला जखम पुन्हा पुन्हा होते. शस्त्रक्रियेत पाऊल आत वळवणाऱ्या टिबियालिस पोस्टिरिअर स्नायूची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सोडवतात, पुढे आणून तिचे दोन फाटे करतात आणि ते अंगठ्याच्या व बोटांच्या शिरांना जोडतात. लोंबणे थांबले की कडेवरचा भार कमी होतो. मात्र जखम उघडी असताना इथे चाकू लावत नाहीत, कारण आतला जंतू नव्या जोडापर्यंत पोचला तर शीर सुटते किंवा आजूबाजूला चिकटून बसते.

म्हणून पहिले काम जखमेचे. वरून सुकलेल्या खपलीवर विश्वास ठेवू नका. घट्टा तासून खाली पोकळी नाही ना, हे ड्रेसिंग करणाऱ्याकडून बघून घ्या. जखमेत घातलेली तपासणीची सळई हाडाला टेकत असेल तर एक्स-रे काढून आधी मेलेले हाड काढावे लागते. साधी जखम पायावरचा भार काढला की भरते, त्यासाठी काही आठवडे प्लास्टर घालतात. बोटांच्या बेचक्यातली चिखली आणि टाचेच्या भेगाही भरलेल्या हव्यात. रोज 20 मिनिटे साध्या पाण्यात पाय बुडवा, घट्टे दगडाने हलके घासा, ओल्या कातडीलाच खोबरेल लावा. गरम पाणी नको, बधिर पाय भाजलेला कळत नाही.

एमडीटीचा (कुष्ठरोगाच्या एकत्रित औषधांचा) कोर्स, 6 किंवा 12 महिन्यांचा, कुठवर आला ते कार्ड सोबत ठेवा. गेल्या 6 महिन्यांत रिअॅक्शन (कुष्ठरोगात चट्टे किंवा नसा अचानक सुजणे) किंवा नस दुखणे झाले असेल तर लपवू नका. लुळेपणा नवा असेल तर प्रेडनिसोलोन या सूज उतरवणाऱ्या औषधाने नस परत काम करू लागू शकते, त्यामुळे 6 महिने ते वर्षभर थांबतात. साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. तंबाखू-बिडी सोडा, तिने जखम भरायला उशीर लागतो.

आता खरी मेहनत स्नायूची. खुर्चीवर बसा, लुळ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि तळवा छताकडे वळेल असे पाऊल वर ओढा. फिजिओथेरपिस्ट हाताने उलट दाबेल तरी ते टिकले पाहिजे. बोटे आत वळवून केलेली ओढ मोजू नका, ती दुसऱ्या स्नायूची असते. शस्त्रक्रियेआधी 2-3 आठवडे हा व्यायाम रोज थोडा थोडा, दिवसातून अनेकदा करा. ‘आत ओढ’ म्हटले की हाच स्नायू पुढे पाऊल वर उचलणार आहे, त्याची ओळख आत्ताच पटली पाहिजे. सोबत टाचेची शीर ताणा: गुडघा सरळ ठेवून पाऊल काटकोनाच्या वर पुरेसे आले नाही, तर शस्त्रक्रियेच्या वेळीच ती शीरही लांबवावी लागते.

दिवसांचा हिशेब आधी करा. आधीचा व्यायाम, साधारण 4 ते 6 आठवडे प्लास्टर, मग महिनाभर पाऊल उचलायला शिकणे: जवळपास 3 महिने शेती-मजुरी बंद. पेरणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. पावसात प्लास्टर भिजते आणि माणूस घाईने शेतात उतरतो. हाताची बोटे वाकडी असतील तर साध्या कुबडीची मूठ धरता येत नाही, म्हणून कोपराच्या आधाराची कुबडी आधीच मागवा. सारा भार दुसऱ्या पायावर येणार, तेव्हा त्याचाही तळवा तपासा आणि त्यासाठी एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल आणा. घरी खाट आणि कमोडची खुर्ची लागेल. आधार कार्ड आणि बँक पासबुक जवळ असू द्या, शासनाची मदत खात्यात येते.

प्लास्टरमधून बाहेर राहणाऱ्या बोटांवर रात्री जाड मोजा चढवा, बधिर बोटे उंदीर कुरतडतात तेव्हा जाग येत नाही. घरातल्या एकाने रोज वास घ्यायचा, डाग बघायचा, बोटे गार किंवा काळसर तर नाहीत ना ते पाहायचे, जांघेत गाठ चाचपायची. यातले काहीही आढळले किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखण्याची वाट पाहू नका, या पावलात ते येणारच नाही.