संशोधकाची प्रकाशने आणि उद्धरणे कशी तपासावीत

जैववैद्यकीय संशोधकाच्या कामाचा अंदाज घ्यायचा असेल, तर आधी त्याचा ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख पटवणारा क्रमांक, शोधावा; कारण नुसत्या आडनावाने आणि आद्याक्षराने पबमेड या जैववैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत शोध घेतल्यास ‘पाटील एस.’ या एकाच नोंदीखाली अनेक व्यक्तींचे लेख एकत्र येतात. यादी हाती आल्यावर मूळ संशोधन आणि आढावा लेख वेगळे करावेत, कारण आढावा लेखांना सहसा अधिक उद्धरणे, म्हणजे इतर लेखांतून संदर्भ म्हणून झालेले उल्लेख, मिळतात.

मग एच-निर्देशांक पाहावा. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या या मापानुसार, प्रत्येकी किमान २० उद्धरणे मिळालेले २० लेख असतील, पण २१ उद्धरणांचे २१ नसतील, तर निर्देशांक २० होतो. गूगल स्कॉलर हे शोधयंत्र प्रबंध आणि पूर्वप्रतीही (तज्ज्ञ-परीक्षणाआधी प्रसिद्ध केलेले मसुदे) मोजत असल्याने तेथील आकडा बहुधा स्कोपस या उद्धरणसूचीपेक्षा मोठा असतो. म्हणून दोन संशोधकांची तुलना एकाच स्रोतावरून करावी.

मोठ्या आकड्याने मात्र भारावून जाऊ नये. प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील लौरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या लेखाला तीन लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली, ती मुख्यतः पद्धत सर्वांच्या उपयोगाची होती म्हणून.

लेखकांचा क्रमही पाहावा: पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे, शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. मागे घेतलेल्या लेखांवर पबमेड तशी सूचना देते.