पट न दिसणाऱ्या एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं

फाउंड्री व्हीटीटी या ऑनलाइन पटावर आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचा डाव चालतो आणि गेममास्टर, म्हणजे डाव चालवणारा, मी असतो. राक्षस हलवणं, त्यांचे हिट पॉइंट (उरलेल्या जीवाचा आकडा) सांभाळणं, पाळी पुढे नेणं ही कामं मी एका एआय एजंटकडे दिली आहेत. एआयला बाहेरची टूल्स जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा, म्हणजे एमसीपीचा, एक छोटा सर्व्हर लिहून त्यातून त्याला टूल्स दिली. तुम्हालाही असं काही करायचं असेल तर कोडइतकाच वेळ टूल्सच्या वर्णनांना द्या. एजंटला तुमचा कोड दिसत नाही आणि पटही दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कशा रूपात द्यायची त्याचा आराखडा) एवढ्यावरच तो काय करायचं ते ठरवतो.

सुरुवात टोकनच्या, म्हणजे पटावरच्या सोंगटीच्या, जागेपासून करा, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ‘एक्स, वाय: टोकनची नवी जागा’ एवढंच लिहिलं तर एजंट सरळ ५ आणि ३ पाठवतो. त्याच्या लेखी ती पटावरची घरं असतात. फाउंड्री मात्र ते पिक्सेल धरते आणि गॉब्लिन वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतो. वर्णन असं हवं:

‘एक्स आणि वाय पिक्सेलमध्ये द्यावेत. ही टोकनच्या वरच्या डाव्या कोपऱ्याची जागा आहे. वाय खालच्या दिशेने वाढतो. एका घराचे पिक्सेल आणि फूट प्रत्येक सीनमध्ये, म्हणजे नकाशात, वेगळे असू शकतात. आधी सीन_माहिती हे टूल बोलवावं.’

ग्रिड बहुतेक वेळा १०० पिक्सेलला ५ फूट असा असतो, पण ते गृहीत धरू देऊ नका. पॅडिंगही, म्हणजे नकाशाच्या आकाराच्या प्रमाणात भोवती सोडलेली मोकळी जागाही, सांगा. सीन ४००० पिक्सेल रुंद आणि पॅडिंग ०.२५ असेल तर नकाशाची डावी कड शून्यावर नसते, १००० वर असते. माझ्या मते टूलने थेट घरांचेच आकडे घ्यावेत आणि पिक्सेलचा हिशेब सर्व्हरने करावा. तरीही मोजणी ० पासून की १ पासून, आणि उत्तर दिशा म्हणजे वाय कमी होणं, हे वर्णनात हवंच. आमच्याकडे सगळे ‘दोन घरं मागे घे’ असंच बोलतात. मागे म्हणजे कुठे, हे एजंटने विचारून घ्यावं, अशीही एक ओळ मी टाकली आहे.

दुसरा नाजूक भाग म्हणजे अॅक्टर (पात्राची मूळ नोंद) आणि टोकन (त्याची पटावरची सोंगटी). पटावर चार गॉब्लिन असले तरी त्यांच्यामागे अॅक्टर बहुधा एकच असतो. अॅक्टरचे हिट पॉइंट बदलले की ज्या टोकन्सचे स्वतःचे आकडे अजून वेगळे झालेले नाहीत, ती सगळी बदलतात. म्हणून इजा करणाऱ्या टूलला टोकनचाच आयडी मागा, आणि तो सोळा अक्षरांचा आयडी कोणत्या टूलमधून मिळतो तेही त्याच वर्णनात लिहा. नाहीतर एजंट ‘गॉब्लिन ३’ हे नावच आयडी म्हणून पाठवेल.

इजेच्या टूलला मी ‘हिट_पॉइंट_बदल’ असं मोघम नाव देत नाही, ‘इजा_कर’ देतो. त्याच्या वर्णनात लिहितो की आकडा नेहमी धन, तात्पुरते हिट पॉइंट आधी संपतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘पुन्हा बोलावल्यास पुन्हा इजा होते. उत्तर आलं नाही तर आधी टोकन_माहिती बघावी.’ नेट अडखळलं की एजंट तेच टूल परत चालवतो, आणि एका घावात मेलेला ऑर्क दोनदा मरतो. एमसीपीत ‘फक्त वाचणारं’, ‘विध्वंसक’ अशा खुणाही लावता येतात. त्या लावा, पण त्या केवळ सूचना असतात, वर्णनाची जागा घेत नाहीत.

फाशांबाबत मी कडक आहे. ‘कोणताही आकडा मनाने ठरवू नये, फासे याच टूलने टाकावेत’ हे फाशांच्या टूलच्या पहिल्याच ओळीत हवं. खाली नमुने द्या: साधा हल्ला १डी२०+५ (वीस बाजूंचा एक फासा, अधिक ५), अॅडव्हांटेज असेल तर २डी२०केएच+५ (असे दोन फासे टाकून मोठा आकडा ठेवायचा). निकाल सगळ्यांना दिसणार की फक्त गेममास्टरला, हे पॅरामीटर सक्तीचं ठेवा. लपलेल्या मारेकऱ्याचा स्टेल्थचा, म्हणजे लपून राहण्याचा, आकडा चॅटमध्ये सगळ्यांसमोर पडला तर त्या प्रसंगातली मजाच गेली.

एरर हाही वर्णनाचाच भाग समजा. ‘टोकन सापडलं नाही’ याने एजंट चाचपडतो. ‘या सीनमध्ये हा आयडी नाही, असलेली टोकन्स अशी’ म्हणून यादी दिली की पुढच्याच खेपेला तो सावरतो.

शेवटी चाचणी. नवीन संभाषण उघडा, टूल्सखेरीज काहीही समजावू नका आणि सांगा: ‘झोपडीजवळच्या गॉब्लिनला दोन घरं उत्तरेला ने आणि त्याला सात इजा कर.’ कोणती टूल्स कोणत्या क्रमाने बोलावली ते लॉगमध्ये बघा. आधी सीन, मग टोकन्सची यादी, मग हालचाल, मग इजा असा क्रम यायला हवा. मधलं काही गाळलं असेल तर संभाषणात समजावत बसू नका; ज्या टूलपाशी तो चुकला त्याच्या वर्णनात ओळ घाला आणि पुन्हा नव्या संभाषणात तीच आज्ञा द्या.