पारंपरिक कॅथलिक बाप्तिस्म्यासाठी संगीत कसं निवडावं

क्वायरला फोन करण्याआधी फादरना एक प्रश्न विचारा: विधी कोणता होणार, जुना लॅटिन की 1969 चा? जुन्या विधीवर 2021 पासून रोमने बरेच निर्बंध घातलेत, तेव्हा काही गृहीत धरू नका. 1969 च्या विधीत दारातून आत येताना, बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाकडे जाताना आणि शेवटी वेदीकडे जाताना गायला जागा ठेवलेली आहे. जुन्यात ती नाही, आणि घोळ तिथेच होतो.

जुना विधी चर्चच्या दाराशी सुरू होतो. फादरांच्या गळ्यात जांभळा स्टोल (लांब पट्टा) असतो. बाळाच्या चेहऱ्यावर हलकी फुंकर, जिभेवर मीठ, सैतानाला हुसकावण्याच्या प्रार्थना. मग स्टोलचं टोक बाळावर ठेवून ते सगळ्यांना आत नेतात. मिरवणूक दिसली की क्वायरला राहवत नाही आणि प्रवेशगीत सुरू होतं. पण नेमकं तेव्हाच, चालता चालता, धर्मपिता-धर्ममातेने फादरांबरोबर विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) आणि ‘हे आमच्या बापा’ मोठ्याने म्हणायचे असतात. गाण्यात ते बुडतात. म्हणून इथे गप्प राहा. पाणी ओततानाही ऑर्गनचा मंद सूरसुद्धा नको; बाप्तिस्म्याचे शब्द ऐकू आलेच पाहिजेत.

उरतात दोन जागा: विधीच्या आधी आणि नंतर.

आधीचं गीत शांत हवं, कारण सुरुवात जांभळ्या, म्हणजे पश्चात्तापाच्या रंगाची आहे. पांढरा स्टोल कुंडाजवळ येतो. ‘सिकुत चेर्वुस’ इथे चपखल बसतं. पाण्याच्या ओढीने जाणाऱ्या हरणाचं हे स्तोत्र (मराठी बायबलमध्ये 42 वं) पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या जागरणात कुंडाकडे जाताना गायलं जातं. चार पक्के आवाज असतील तर संगीतकार पालेस्त्रिनाची रचना घ्या, नाहीतर सगळ्यांनी एकाच सुरावटीत गायची जुनी ग्रेगोरियन चाल. पास्काकाळात (ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत) ‘विदी आक्वाम’ हे गीतही चालेल.

नंतर मरियेचं गीत, चर्चच्या वर्षातल्या काळाप्रमाणे: पास्काकाळात ‘रेजिना चेली’, पेंटेकॉस्टनंतर आगमनकाळापर्यंत (नाताळाआधीच्या तयारीच्या काळापर्यंत) ‘साल्वे रेजिना’. ‘साल्वे’ची साधी चाल सा-ग-प-ध-प अशी सुरू होते आणि ‘मातेर’ या शब्दाला थेट वरच्या सा वर जाते. काळी तीनवरून धरली तर पाहुणे तिथेच गप्प होतात. पांढरी एक पुरे. ऑर्गन नसेल तर पट्टी आधी ठरवून ठेवा.

‘ते देउम’ हे स्तुतिगीत भव्य आहे, पण लांब. तोवर बाळ रडायला लागतं.

शुबर्टच्या ‘आवे मारिया’चा आग्रह हमखास होतो. ती चाल मुळात वॉल्टर स्कॉटच्या काव्यातल्या एका गाण्यासाठी, 1825 मध्ये बांधलेली. लॅटिन प्रार्थना तिच्यावर नंतर बसवली. आमच्या मते ती पार्टीच्या हॉलमध्येच शोभते. मोबाईल-स्पीकरवरचं रेकॉर्डिंग तर नकोच: 1958 च्या रोमच्या सूचनेत उपासनेत अशी यंत्रं साफ मना आहेत. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात) आलेलुया वगळा, आणि ऑर्गन फक्त गाण्याच्या साथीला.

मराठी गीत घ्यायचं तर तेही याच दोन जागी, फादरांना शब्द दाखवून.

शेवटी क्वायरच्या एका माणसाला कुंडाजवळ उभं करा. मेणबत्ती दिल्यावर फादर ‘वादे इन पाचे’ (शांतीने जा) म्हणतात. त्यानंतरचं ‘आमेन’ ऐकून त्याने हात वर करायचा. क्वायरच्या माळ्यावरून हे ऐकू येत नाही, आणि क्वायर मेणबत्ती दिसताच गायला लागतं.