बटाक मुलीशी सोयरीक: देज ठरवताना कोकणातील वरपक्षाने काय करावे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील एखाद्या मुलाचे लग्न इंडोनेशियातील उत्तर सुमात्रातील तोबा सरोवराकाठच्या बटाक समाजातील मुलीशी ठरले, तर वरपक्षाला तेथील रीतीप्रमाणे देज, म्हणजे वधूपक्षाला द्यायचे वधूमूल्य, द्यावे लागते. त्याला सिनामोत म्हणतात. पूर्वी ते गुरेढोरे व सोने या रूपात असे, आता रोख रकमेत असते. ही रक्कम मुलीच्या वडिलांकडेच राहते असे समजू नये. तिचे वाटे काका, मामा, भाऊ अशा नातलगांना मिळतात, म्हणून रकमेइतकेच मानकऱ्यांकडेही लक्ष द्यावे.

सर्वांत आधी कुळाचा प्रश्न सोडवावा. बटाक समाजात एकाच मार्गात, म्हणजे कुळात, विवाह निषिद्ध आहे आणि ज्याला मार्गाच नाही त्याच्या बाजूने विधीत बोलायला कोणी नसते. त्यामुळे परक्या वराला मांगाइन हा विधी करून एखाद्या कुळात दत्तक घेतात. बहुधा मुलीच्या आत्याच्या यजमानांचे कुळ निवडले जाते. पुढे हेच घर तुमच्या वतीने उभे राहते.

खरी बोलणी मारहुसिप या खासगी बैठकीत होतात. रक्कम, मेजवानीचा खर्च आणि स्थळ तेथेच पक्के करावे, कारण मारहाता सिनामोत या जाहीर सभेत दोन्हीकडचे प्रवक्ते बहुतेक ठरलेलेच बोलतात, आणि तेथे वरपित्याने मध्येच तोंड घालणे शोभत नाही. मेजवानी मुलीकडे असल्यास सिनामोत साहजिकच वाढते. वराकडे असल्यास कमी होते. विवाह भारतात करणार असाल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत वधूपक्षाला दिलेला पैसाही येऊ शकतो.

आपल्या माणसांची गफलत मानपानात होण्याचा संभव अधिक आहे. आपल्याकडे साड्या व कापडाचे आहेर दोन्ही बाजूंनी होतात; बटाक रीतीत मात्र उलोस हे हातमागाचे वस्त्र मुलीच्या माहेराकडून वराकडे येते आणि वरपक्षाकडून पैसा व मांस जाते. विहिणीला पैठणी न्यायचीच असेल, तर प्रवक्त्याला विचारूनच न्यावी. मांस बहुधा डुकराचे किंवा म्हशीचे असते; घरात कोणाला ते चालत नसेल, तर मारहुसिपमध्येच सांगून ठेवावे. वधूपक्ष त्याबदल्यात शिजवलेला मासा देतो, आणि त्याला कोकणातून हरकत येईल असे वाटत नाही. शेवटी जनावराचे भाग नात्याप्रमाणे वाटले जातात. ही वाटणी पूर्ण होईपर्यंत वरपक्षाने जागा सोडू नये.