अख्खा रॅक गेला तरी डेटा चालू: बेळगावकडच्या सर्व्हर रूमसाठी सेफ क्लस्टरची मांडणी

डेटाच्या तीन प्रती आहेत म्हणजे रॅक (सर्व्हर रचायचा उभा सांगाडा) गेला तरी निभावेल, हा समज आधी काढून टाका. सेफ (Ceph) हे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा, म्हणजे क्लस्टर, बनवणारं स्टोरेज सॉफ्टवेअर. ते नुसतं बसवलं तर प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर पडतात, एवढीच हमी असते. कुठला सर्व्हर कुठल्या रॅकमध्ये आहे हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. तिन्ही प्रती एकाच रॅकमधल्या तीन सर्व्हरवर सहज बसू शकतात.

हिशोबासाठी तीन रॅक धरू. प्रत्येकात चार सर्व्हर, प्रत्येक सर्व्हरमध्ये ८ टीबीच्या ८ डिस्क. कच्ची क्षमता ७६८ टीबी, तीन प्रतींमुळे हाती २५६. तेही सगळे वापरायचे नाहीत. एक सर्व्हर मेला की त्याचा डेटा त्याच रॅकमधल्या उरलेल्या तिघांवर चढतो, कारण बाकी दोन रॅकमध्ये एकेक प्रत आधीच आहे. डिस्क ८५ टक्के भरली की इशारा येतो, ९० वर भरपाई (गेलेल्या प्रती पुन्हा बनवणं) अडते, ९५ वर लिहिणंच बंद. म्हणून ८५ चे तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारे ६४ टक्क्यांवर थांबा: साधारण १६० टीबी. कोटेशनमध्ये हाच आकडा लिहा, नाहीतर वर्षभरात भांडण ठरलेलं. मेमरी डिस्कमागे ४ जीबी लागते. सर्व्हरला ६४ जीबी द्या.

आता क्रश मॅप, म्हणजे कुठली प्रत कुठे ठेवायची हे ठरवणारा सेफचा नकाशा. त्यात तीन रॅक-बकेट (रॅकच्या नोंदी) तयार करून मुळाखाली (root) लावा, सर्व्हर आपापल्या रॅकखाली हलवा, ‘रॅक’ हा फेल्युअर डोमेन धरणारा, म्हणजे एका रॅकमध्ये एकच प्रत ठेवणारा, नवा नियम बनवा आणि प्रत्येक पूलला (डेटाच्या कप्प्याला) तो लावा. शेवटची पायरी हमखास राहते: नियम बनतो, पूल मात्र जुन्याच नियमावर चालत राहतो. हे सगळं क्लस्टर रिकामा असतानाच करा. भरलेल्यावर केलं तर डेटाची मोठी हलवाहलव सुरू होते आणि ऐन कामाच्या वेळी सगळं मंदावतं. प्रतींची संख्या ३, काम चालू राहायला किमान २. किमान १ कधीही नको.

मॉनिटर (क्लस्टरची स्थिती बहुमताने ठरवणारे प्रोग्राम) तीन, रॅकमागे एक. दोन मॉनिटर एकाच रॅकमध्ये ठेवले आणि तोच रॅक गेला, तर डेटा शाबूत असूनही बहुमताअभावी क्लस्टर गप्प बसतो. रॅकमागे दोन स्विच, प्रत्येक सर्व्हरची एकेक केबल दोन्हींत. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) आणि घड्याळ जुळवणारा सर्व्हरही एकाच रॅकमध्ये कोंडू नका.

जागा वाचवायला प्रतींऐवजी ४+२ इरेझर कोडिंग (डेटाचे चार तुकडे आणि त्यांवरून काढलेले दोन जादा) सुचवणारे भेटतील. तीन रॅकवर त्याचे रॅकमागे दोन तुकडे बसतात. रॅक गेला की चार उरतात, डेटा परत जुळवायला तेवढे पुरतात. पण काम चालू राहायची किमान मर्यादा मूळ सेटिंगमध्ये पाच तुकड्यांची असते, म्हणून वाचणं-लिहिणं थांबतं. डेटा वाचला, काम मात्र बंद! तीन रॅक असतील तर प्रतीच बऱ्या.

खरी परीक्षा विजेची. वळवाच्या पावसात एखादा फेज जाणं इकडे कुणाला नवं नाही. तिन्ही रॅक एकाच मोठ्या यूपीएसवर टाकले तर क्रश मॅपला काही अर्थ उरत नाही. तीन यूपीएस घ्या, एकेका फेजवर, आणि साखळी करा: पहिल्या रॅकच्या दोन पीडीयू (सर्व्हरना वीज वाटणाऱ्या पट्ट्या) आर आणि वाय फेजवर, दुसऱ्याच्या वाय आणि बीवर, तिसऱ्याच्या बी आणि आरवर. एक यूपीएस बसला तरी एकही रॅक पडत नाही; मात्र उरलेल्या दोघांवर प्रत्येकी दीड रॅकचा भार येतो. रॅक २.४ किलोवॉट खात असेल तर यूपीएसला ३.६ पेलले पाहिजेत, आणि एकट्या पीडीयूला सुमारे साडेदहा अँपिअर. १६ अँपिअरची पीडीयू पुरते. एकाच रॅकमध्ये दोन फेज म्हणजे त्यांच्यात ४०० व्होल्ट, तेव्हा लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या लावूनच घ्या. बॅटऱ्या २५ अंशांच्या खोलीत ठेवा. दर १० अंश वाढीला लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

चाचणी सुट्टीच्या दिवशी: क्लस्टर निरोगी आहे ना ते पाहा, मग एका रॅकचे दोन्ही ब्रेकर खाली ओढा. साधारण २० सेकंद काम अडखळेल, मग पुढे सरकेल. पूर्ण रॅक पडला तर सेफ मूळ सेटिंगमध्ये त्याच्या डिस्क आपोआप बाद करत नाही. तीन रॅकमध्ये हे ठीकच, कारण तिसरी प्रत ठेवायला जागाच नाही. चार रॅक असतील तर मात्र बंद रॅकच्या डिस्क स्वतः बाद कराव्या लागतात, तेव्हाच चौथ्यावर भरपाई सुरू होते.

रॅक बंद असताना दोनच प्रती उरतात. त्यात आणखी एक डिस्क गेली की तिच्यावरचा डेटा अडतो. म्हणून सुटे भाग जवळ हवेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आलं आणि कोल्हापूरकडची वाट बंद झाली. अशा वेळी पुण्याहून माल येत नाही. चार डिस्क, दोन पॉवर सप्लाय, एक स्विच आणि एक पीडीयू कपाटात ठेवा, आणि ते कपाट तळघरात नको.